दहा नंबरचा पाना

दसऱ्याला आपण गाडी धुतो, हळदी-कुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पण वर्षभरात एकदा तरी बॉनेट उघडून आत काय आहे ते बघणारी माणसं आमच्या हिंगोली जिल्ह्यात मला फार थोडी भेटली. त्यातही शिकलेली तर अजूनच थोडी. म्हणून आज जरा वेगळ्या विषयावर लिहितो आहे. विषय आहे गाडीची बॅटरी घरच्या घरी बदलणं.

नेहमीचे वाचक म्हणतील, सरांनी संतसाहित्य सोडून हे काय काढलं? काढलं खरं. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. ज्या घरात गाडी आहे, मग ती मोटारसायकल असो, कार असो की ट्रॅक्टर, त्या घरातल्या निदान दोन माणसांना बॅटरी काढता-लावता आली पाहिजे. त्या दोघांपैकी एक बाई असावी. आणि काढलेली जुनी बॅटरी पुढे कुठे जाते, हे त्या घराला ठाऊक असलं पाहिजे. एवढंच.

आता पहिला आक्षेप. माझा पुतण्याच म्हणाला, "काका, दुकानदार फुकट बसवून देतो, मग आपण कशाला हात काळे करायचे?" बरोबर आहे त्याचं. नवी बॅटरी घेतली की बसवण्याचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे घेत नाहीत. शहरात तर फोन केला की माणूस घरी येतो. पण एक गोष्ट तो विसरला. बॅटरी दुकानासमोर बंद पडत नाही. ती बंद पडते आपल्या अंगणात, शेताच्या बांधावर, नाहीतर लग्नाच्या मांडवाबाहेर. आमच्या जिल्ह्यात पाच तालुके. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ. बॅटरीची दुकानं काय ती या तालुक्याच्या गावांत आणि दोन-चार मोठ्या बाजारांत. सेनगावकडच्या आतल्या एखाद्या वाडीत गाडी सुरूच होत नसेल तर ती दुकानापर्यंत नेणार कशी? ज्याला पाना धरता येतो तो बॅटरी सोडवतो, मोटारसायकलवर मागे एका माणसाच्या मांडीवर उभी ठेवतो, तालुक्याला जातो आणि दुपारपर्यंत काम आटोपतो. ज्याला येत नाही तो मिस्त्रीची वाट बघत बसतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बॅटरी बदलता येणं म्हणजे नुसता नट फिरवणं नाही. बॅटरी खरंच गेली आहे का, हे आधी कळणं. आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर मृगाच्या पेरणीच्या तोंडावर बंद पडला. गॅरेजवाल्याने बघितलं न बघितलं आणि सांगितलं, "बॅटरी गेली, नवीन टाका." टाकली. हजारो रुपये गेले. आठ दिवसांनी नवी बॅटरीही डाऊन. शेवटी आयटीआय शिकलेल्या त्याच्याच मेव्हण्याने बघितलं तर डायनामोचा पट्टा ढिला. पट्टा घसरत होता, त्यामुळे इंजिन चालू असतानाही बॅटरी चार्ज होत नव्हती. जुनी बॅटरी तोवर मोडीत गेली होती. तिच्यात अजून किती जीव होता कोण जाणे!

हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. दोन-चारशे रुपयांत मल्टिमीटर मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी बॅटरीच्या दोन टोकांना त्याच्या दोन तारा लावायच्या. १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२ किंवा त्याच्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग गाडी सुरू करून पुन्हा बघायचं. आता आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढला पाहिजे. चढला नाही तर दोष बॅटरीत नाही, ती भरणाऱ्या यंत्रात आहे. नवी टाकली तरी तीही मरणार. (अगदी नव्या काही गाड्यांत हा आकडा जरा खाली-वर होतो, पण साध्या गाड्यांना हा हिशेब पुरतो.) आकडा ठीक असेल तर बॅटरीची दोन टोकं बघा. त्यांच्यावर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी जमली असेल, किंवा वायरचा क्लॅम्प हाताने हलत असेल, तर तेवढं साफ करून घट्ट केलं की निम्म्या वेळा गाडी सुरू होते. असा माझा अनुभव आहे.

आणि हा अनुभव मी कुठून घेतला तेही सांगतो. २०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. रात्री दीडच्या सुमाराला आमच्या सौ.च्या छातीत दुखायला लागलं, घाम फुटला. मुलगा कामानिमित्त पुण्याला गेलेला. घरात मी, सूनबाई आणि नातू. कार दारात उभी, पण चावी फिरवली की नुसतं कट्.. कट्.. कट्. सेल मारला जात नव्हता. ढकलून सुरू करायची तर ढकलणार कोण? मी शेजाऱ्यांचं दार वाजवायला निघालो तेवढ्यात सूनबाईने बॉनेट उघडलं सुद्धा. तिचे वडील काळी-पिवळी जीप चालवायचे. लहानपणापासून तिने हे बघितलेलं. मोबाईलच्या उजेडात तिने क्लॅम्प हलवून बघितला तर तो हाताला फिरत होता आणि खाली भुकटी साचलेली. "बाबा, दहाचा पाना आणा," म्हणाली. तिने एवढ्या घाईतही आधी काळी वायर सोडवली, मग लाल. चाकूने दोन्ही टोकं खरवडली, क्लॅम्प आतून घासले, आधी लाल घट्ट केली, मग काळी. सात-आठ मिनिटांचं काम. चावी फिरवली आणि गाडी सुरू. आम्ही हिंगोलीला दवाखान्यात वेळेत पोचलो. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं. आमच्या सौ. हे लिहिताना शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत आहेत आणि "माझं नाव कशाला घालता त्यात," असं म्हणत आहेत. घातलेलं नाही.

त्या दिवसापासून मी या विषयाचा विद्यार्थी झालो. शिक्षिका आमच्या सूनबाई. सत्तरीच्या उंबरठ्यावर शिकलो, पण शिकलो. तेव्हापासून घरच्या दोन बॅटऱ्या मी आणि नातवाने मिळून बदलल्या. जे शिकलो ते सांगतो. क्रम लक्षात ठेवायला मी नातवाला एक सूत्र करून दिलं आहे (मराठीच्या मास्तराला तेवढंच जमतं):

काढताना काळी, लावताना लाल.

म्हणजे काढताना आधी काळी वायर सोडवायची, लावताना आधी लाल जोडायची. आता हे असं का? पाठांतर करणाऱ्याला क्रम विसरतो, कारण समजलेल्याला विसरत नाही, हे वर्गात आम्ही उगाच नाही सांगत आलो. गाडीचं सगळं लोखंडी अंग काळ्या वायरने बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेलं असतं. तुम्ही लाल वायरचा, म्हणजे धन टोकाचा नट ढिला करत असताना पाना जर बॉडीला टेकला, तर धन आणि ऋण थेट एकमेकांना भिडतात. पान्यातून शेकडो अँपिअरचा प्रवाह जातो. ठिणग्या उडतात, पाना तापून लाल होतो, बॅटरी फुटूही शकते. काळी वायर आधी सोडवली की बॉडीचा आणि बॅटरीचा संबंधच तुटला. मग पाना कुठे टेकला तरी काही होत नाही. जोडताना हेच उलट. लाल आधी पक्की करायची, काळी सगळ्यात शेवटी. जुन्या गाड्यांत कुणीतरी मधेच वायर बदललेली असते, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबू नका. बॅटरीवर अधिक-उणेची खूण कोरलेली असते ती बघा. कारच्या बॅटरीत धन टोक ऋण टोकापेक्षा किंचित जाडही असतं.

बाकीचं सगळं साध्या शहाणपणाचं आहे. गाडी बंद, चावी बाहेर, दिवे-रेडिओ बंद. हातातली अंगठी, घड्याळ, धातूच्या बांगड्या काढून ठेवायच्या. बारा व्होल्टचा झटका कोरड्या हाताला जाणवतही नाही, पण दोन टोकांत अडकलेली अंगठी क्षणात तापते आणि बोट भाजते. जागा मोकळ्या हवेची हवी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो भडका घेतो. म्हणून जवळ विडी नको, उदबत्ती नको, काडी पेटवून आत बघणं तर नकोच नको. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. दोन्ही वायरी सुटल्या की बॅटरी धरून ठेवणारी पट्टी सोडवायची आणि बॅटरी सरळ वर उचलायची, तिरकी करायची नाही. आत पातळ केलेलं गंधकाम्ल असतं. अंगावर पडलंच तर निदान पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं. डोळ्यात गेलं तर तसंच धुवून थेट डॉक्टरकडे. लहान कारची बॅटरी दहा-बारा किलोची, पण ट्रॅक्टरची वीस-पंचवीस किलोपर्यंत जाते. ती एकट्याने उचलण्याचा पराक्रम करू नये. कंबर एकच असते.

बॅटरी बसते तो ट्रे गंजलेला असतो. कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून त्यावर ओता. फसफसून भुकटी निघून जाते. कोरडं पुसा. नवी बॅटरी बसवून आधी पट्टी घट्ट करा, कारण आमच्या रस्त्यांवर हादरे हेच बॅटरीचं मोठं दुखणं आहे. मग लाल, मग काळी. शेवटची वायर टेकताना बारीकशी ठिणगी दिसते, घाबरायचं नाही. दोन्ही टोकांना पेट्रोलियम जेली चोपडली की भुकटी लवकर धरत नाही. घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावे लागतात, तेवढाच काय तो त्रास.

विकत घेताना जुन्या बॅटरीचा मोबाईलवर फोटो काढून न्या. व्होल्ट, अँपिअर-अवर, आकार आणि धन टोक डावीकडे की उजवीकडे, या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. टोकं उलट बाजूला असली तर वायर पुरत नाही. बनवल्याची तारीख बघा, कारण दुकानात महिनोन्महिने पडून राहिलेली बॅटरी नवी असूनही म्हातारी असते. पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या. एका दुकानात मला म्हणाले, "गुरुजी, बिल कशाला? तुमच्यासाठी दोनशे कमी करतो." मी म्हटलं, दोनशे जास्त घ्या पण बिल द्या. बिल नाही तर वॉरंटी नाही, हा साधा हिशेब.

आणि आमच्याकडच्या उन्हाबद्दल एक वाक्य. थंडीत गाडी सुरू होत नाही म्हणून लोक थंडीला दोष देतात, पण बॅटरीला मारतो तो उन्हाळा. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो, बॉनेटखाली त्याहून जास्त. त्यामुळे गाडी लिंबाच्या सावलीत लावणं हीसुद्धा बॅटरीची सेवाच आहे. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात पाण्याची पातळी बघा. पाणी डिस्टिल्डच टाका, नळाचं किंवा बोअरचं नको. आणि अ‍ॅसिड तर वरून कधीच टाकू नका, कारण उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड नाही.

पूर्वी मोटारसायकलची बॅटरी मेली तरी किक मारून माणूस वर्षभर काढायचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. आता बऱ्याच मोटारसायकलींना किकच नाही आणि पेट्रोल पुढे ढकलणारा पंपही बॅटरीवर चालतो. बॅटरी गेली की गाडी म्हणजे लोखंड. म्हणजे हे शिकण्याची गरज आता वाढली आहे, कमी झालेली नाही.

आता माझ्या खऱ्या मुद्द्यावर येतो. हे काम इतकं सोपं असताना शिकलेला माणूस त्याला हात का लावत नाही? भीती हे एक कारण. पण मला वाटतं खरं कारण आहे लाज. हाताला वंगण लागलं की आपण कुठल्यातरी खालच्या पायरीवर उतरलो, असं आपल्याला आतून वाटतं. पदवीचा अर्थच आपण 'आता हाताने काम करावं लागणार नाही' असा लावला. मी बी.ए. झालो तेव्हा माझ्या आजीने, "आता पोराच्या हाताला माती लागायची नाही," म्हणून गल्लीत पेढे वाटले होते. तिचं बरोबर होतं, तिने आयुष्यभर माती उपसली होती. पण पुढच्या पिढ्यांनी त्या वाक्याचा धर्म करून टाकला.

आणि हे कोणत्या मातीत? आमच्या जिल्ह्यात नरसी हे नामदेवांचं गाव मानतात. नामदेव शिंपी. त्यांच्याभोवती बघा, गोरोबा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी. सगळे हाताने काम करणारे. आपल्या कामाची लाज वाटून कुणी देवाकडे गेलेलं नाही, काम हातात धरूनच गेले. हे मी पस्तीस वर्षं वर्गात शिकवलं, आणि पोरांनी परीक्षेत छान लिहून गुणही मिळवले. पण त्या पोरांच्या हाती पाना द्यावा, असं त्या काळी कोणत्याच शाळेच्या वेळापत्रकात नव्हतं. कल्पना जुनीच होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला, तीच नयी तालीम. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' प्रत्यक्षात आणून दाखवलं. आणि आमच्या शिक्षकांच्या जातकुळीतला एक माणूस विसरू नका. लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बेळगावला सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे लोखंडी नांगर केले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली. मास्तराच्या हाताला वंगण लागलं म्हणून महाराष्ट्राचं काही नुकसान झालं नाही.

आता औंढ्याजवळ दुधाळा परिसरात 'लायगो-इंडिया'ची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रोटॉनपेक्षाही कितीतरी सूक्ष्म हालचाल मोजून विश्वातल्या गुरुत्वीय लहरी पकडायच्या, असं ते काम. मला त्याचा फार अभिमान वाटतो. पण मनात येतं की तिथे आमच्या जिल्ह्यातली पोरं फक्त गेटवर उभी राहू नयेत. ज्या पोराने आठवीत असताना स्वतः मल्टिमीटर लावून १२.६ चा आकडा वाचला आहे, त्याला पुढचं विज्ञान परकं वाटणार नाही.

आता जुन्या बॅटरीबद्दल. हा लेख लिहायचं खरं कारण हेच आहे.

गाडीची ही बॅटरी शिशाची असते. गॅस्टन प्लान्टे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ मध्ये शोधली. म्हणजे आपल्याकडच्या १८५७ च्या उठावानंतर दोनच वर्षांनी. मूळ रचना आजही तीच, शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल. बॅटरीच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग शिशाचा. म्हणजे बारा किलोच्या बॅटरीत सात किलोच्या आसपास शिसं. (गंमत बघा, शिसपेन्सिलीत शिशाचा कणही नसतो, ते असतं ग्रॅफाइट. नाव एकाचं, माल दुसऱ्याचा.) हे शिसं व्यवस्थित भट्टीत वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येतं. म्हणून जुनी बॅटरी म्हणजे कचरा नाही, माल आहे. म्हणूनच दुकानदार ती परत घेऊन नव्याच्या किमतीतून पैसे कमी करतो.

पण पुष्कळ लोक ती फेरीवाल्या भंगारवाल्याला देतात, कारण तो पन्नास रुपये जास्त देतो. पुढे काय होतं ते मी एका गावाबाहेर डोळ्यांनी बघितलं आहे. एक माणूस कुऱ्हाडीने बॅटऱ्या फोडत होता. अ‍ॅसिड तिथेच मातीत, उताराने ओढ्याकडे. बाजूला चुलीवर कढईत शिसं वितळत होतं. आणि आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उघड्या हातांनी पट्ट्यांचे तुकडे वेचून घमेल्यात टाकत होती. मी विचारलं, "बाळ, शाळेत नाही का जात?" तर म्हणाली, "जाते की गुर्जी, आज सुट्टी हाय." त्या दिवशी रविवार होता. खोटं बोलत नव्हती.

शिशाचं विष लगेच दिसत नाही. लेकरू ओरडत नाही, ताप येत नाही. ते हळूहळू मेंदूत शिरतं. लक्ष लागत नाही, पाठ होत नाही, चिडचिड होते. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांचा २०२० चा अहवाल आहे. त्यानुसार जगात दर तिसऱ्या मुलाच्या, म्हणजे ८० कोटींपर्यंत मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे. त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलं आपल्या देशातली. आणि या विषाचं एक मोठं कारण म्हणजे जुन्या बॅटऱ्यांची अशी उघड्यावरची तोडफोड. पेट्रोलमधलं शिसं आपण २००० साली देशभर बंद केलं. ते सरकारला एका आदेशाने करता आलं. बॅटरीचं शिसं मात्र घराघरांतून निघतं, ते तुमच्या-माझ्या हातून जातं.

हा आकडा वाचला तेव्हा मला वर्गातले मागचे बाक आठवले. 'डोक्यात शिरत नाही' म्हणून आपण ज्यांना बाजूला बसवतो त्यांच्यातल्या किती लेकरांच्या डोक्यात काय शिरलेलं असेल? शिक्षकाला या प्रश्नाने झोप लागू नये.

कायदा आहे. २००१ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची सोय लावली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये नवे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले, त्यांत जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. आपल्यावरही आहे. बॅटरी इतर कचऱ्यात टाकायची नाही आणि ती गोळा करण्याचं किंवा पुनर्वापराचं काम करणाऱ्यांकडेच द्यायची. बॅटरीवर फुली मारलेल्या कचराकुंडीचं चित्र असतं ते यासाठीच. बॅटरी स्वतः बदलली की ती क्षणभर तरी आपल्या हातात येते. मग ती कुठे द्यायची हा निर्णय आपला होतो. दुकानदार किंवा मिस्त्री परस्पर घेऊन गेला तर तो निर्णयही परस्पर होतो. म्हणून म्हणतो, नवी बिलावर घ्या आणि जुनी तिथेच देऊन तिचे पैसे बिलात वजा करून घ्या. पन्नास रुपये कमी मिळतील. मिळू द्या.

दोन सावधगिऱ्या सांगून थांबतो. हे सगळं पेट्रोल-डिझेल गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीबद्दल आहे. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड कारची मोठी बॅटरी शेकडो व्होल्टची असते. तिथे नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसल्या की हात मागे घ्यायचा, ते काम शिकलेल्या कारागिराचंच. इलेक्ट्रिक स्कूटरची लिथियम बॅटरीही उघडून बघायची नसते. दुसरं, काही महागड्या नव्या गाड्यांत बॅटरी बदलल्यावर गाडीच्या संगणकाला तसं कळवावं लागतं. गाडीसोबत आलेलं पुस्तक असतं ना, सीलबंद पिशवीतलं? ते एकदा उघडून वाचा.

मिस्त्रीच्या पोटावर पाय येईल म्हणणाऱ्यांना इतकंच सांगतो, की मिस्त्रीचं पोट इंजिनाच्या कामावर चालतं. आणि ज्याने स्वतः एक नट खोलून बघितला आहे, तो मिस्त्रीच्या हाताची किंमत जास्त ओळखतो, घासाघीस कमी करतो.

आमच्या भाचेमंडळींनी आणि नाशिक-पुण्याकडच्या सुनांनी हे वाचलं असेल तर एक काम करा. या रविवारी बॉनेट उघडा आणि घरातल्या लेकरांना जवळ उभं करा. बॅटरी बदलायची नसली तरी चालेल. धन कुठलं, ऋण कुठलं, तारीख कुठे कोरली आहे, एवढं त्यांना शोधू द्या. काय सापडलं ते मला कळवा. जुनी बॅटरी अंगणात पडून असेल तर तेही कळवा, कुणाला द्यायची ते आपण मिळून ठरवू.